फाईल वेबसाईटवर टाकली म्हणजे ती सर्वांची झाली का? – शेअर केलेला कोड, मुक्त परवाना आणि वेबसाईटच्या अटी



निकालपत्रकाची एक्सेल शीट, शालेय पोषण आहाराच्या हिशोबाची शीट, ऑनलाइन चाचणीचा एचटीएमएल कोड, गुगल फॉर्मवरून आपोआप प्रमाणपत्र काढणारी स्क्रिप्ट... आपल्या जावळी तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेपासून थेट गडचिरोलीपर्यंत अशी साधने रोज वापरली जातात. यातली बरीचशी कुठल्या कंपनीने बनवलेली नाहीत. आपल्यातल्याच कुणीतरी शाळा सुटल्यावर, रात्री जागून ती तयार केली आणि सर्वांसाठी टाकून दिली. महाराष्ट्रातल्या शिक्षकांचं हे काम खरोखर कौतुकाचं आहे.

पण एक साधा प्रश्न विचारा. अशी फाईल तुम्ही डाउनलोड केली, तर तिच्यात बदल करण्याचा हक्क तुम्हाला आहे का? बदललेली फाईल केंद्रातल्या इतर शाळांना देण्याचा? स्वतःच्या ब्लॉगवर ठेवण्याचा? "अहो, त्यांनी मोफत दिलीय ना, मग झालं!" असं आपण म्हणतो. नाही, तेवढ्याने झालं नाही. मोफत देणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. माझं मत आधीच स्पष्ट सांगतो: शेअर केलेल्या प्रत्येक फाईलच्या आतच तिचा परवाना लिहिलेला असला पाहिजे. ती ज्या वेबसाईटवर ठेवली आहे, तिच्या अटींवर विसंबून राहू नये. असं का, ते आता पाहू.

१) आधी पाया पक्का करू: कोडवर हक्क कुणाचा?

आपल्या देशात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. या कायद्यात संगणक प्रोग्रॅमला 'साहित्यकृती'तच धरलं आहे. म्हणजे कवितेला जे संरक्षण, तेच तुमच्या मॅक्रोला. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, © अशी खूण घालावी लागत नाही. कोड लिहिला की हक्क आपोआप तयार होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फाईलवर काहीच लिहिलेलं नसेल, तर आपण समजतो की ती सर्वांसाठी मोकळी आहे. कायदा बरोबर उलटं म्हणतो. काहीच लिहिलं नसेल तर सगळे हक्क राखीव! याच कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना हा लेखी असावा लागतो. "वापरा हो बिनधास्त" असं फोनवर सांगितलं, तर मन मोठं दिसतं, पण कागदावर काही राहत नाही.

शिक्षकांना कायद्याने थोडी सवलत दिली आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी साहित्याची प्रत काढू शकतात. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ बराच उदार लावला. तरीही ही सवलत शिकवण्यासाठी आहे. दुसऱ्याची शीट बदलून राज्यभर पाठवण्याचा तो परवाना नव्हे.

२) वेबसाईटच्या अटी म्हणजे बाजारतळाची पावती

आता वेबसाईटकडे येऊ. खातं उघडताना आपण 'मला मान्य आहे' या चौकोनावर टिचकी मारतो. त्या अटी वाचतो कोण? पण त्या अटी नेमक्या कुणामध्ये ठरलेल्या असतात, एवढं तरी माहीत हवं.

आठवडी बाजाराचं उदाहरण घ्या. बाजारतळावर बसणारा विक्रेता जागेची पावती फाडतो. कुठे बसायचं, कचरा कुठे टाकायचा, किती वाजता उठायचं हे नियम बाजारतळाचे. पण त्याच्या टोपलीतलं वांगं घेऊन तुम्ही त्याचं भरीत करा की बी धरा, हे त्या पावतीवर लिहिलेलं नसतं. तो मामला विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यातला. वेबसाईटच्या अटी ही अशीच जागेची पावती आहे. तो करार तुमचा आणि वेबसाईट चालवणाऱ्याचा. तुमची फाईल उतरवून घेणाऱ्या तिसऱ्या शिक्षकाला त्यातून आपोआप काही मिळतंच असं नाही.

'मिळतंच असं नाही' म्हणालो, कारण साईटगणिक फरक आहे. चार नमुने पाहा:

• ब्लॉगर, फेसबुक: तुमचा मजकूर तुमचाच राहतो. मात्र तो साठवण्याचा, दाखवण्याचा, सेवेसाठी वापरण्याचा परवाना तुम्ही कंपनीला देता. तुमच्या वाचकाला त्यातून फेरफार करण्याचा हक्क मिळत नाही. गंमत बघा, कंपनीला परवाना मिळाला आणि ज्या सहकाऱ्यासाठी आपण फाईल टाकली तो कोरडाच!

• गिटहब: प्रोग्रॅमर मंडळी कोड ठेवतात ती ही जागा. इथे कोड सर्वांसाठी उघडा ठेवला, तर अटींनुसार इतरांना तो पाहता येतो आणि गिटहबच्या आतच त्याची प्रत घेता येते. तेवढंच. बाहेर नेऊन वापरायचा, बदलून वाटायचा, तर लेखकाने वेगळा परवाना लावलेला हवा.

• स्टॅक ओव्हरफ्लो आणि स्क्रॅच: इथे अटींमध्येच मुक्त परवाना बसवलेला आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर दिलेली उत्तरे, त्यातल्या कोडसह, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या, त्याच अटीवर पुढे द्या' या परवान्याखाली येतात. मुलं स्क्रॅचवर जे खेळ बनवून शेअर करतात, तेही याच प्रकारच्या परवान्याखाली. म्हणून तर स्क्रॅचवर दुसऱ्याचा खेळ 'रिमिक्स' करता येतो आणि मूळ मुलाचं नाव तिथे दिसत राहतं.

• यूट्यूब: इथे निवड तुमच्या हाती. व्हिडिओ टाकताना नेहमीचा परवाना ठेवायचा की क्रिएटिव्ह कॉमन्स, ते ठरवता येतं. ही निवड तिथे आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप? तिथून फाईल दहा ग्रुप फिरून येते, तेव्हा मूळ साईट मागे राहिलेली असते. साईटच्या पानावर तळाला लिहिलेली सूचना फाईलबरोबर प्रवास करत नाही. फाईलच्या आत लिहिलेलं तेवढंच सोबत जातं.

३) मुक्त परवाना म्हणजे सावड

मेढा परिसरात भातलावणीच्या वेळी आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी, असं काम चालतं. कुणी याला सावड म्हणतं, कुणी पैरा. पैसे द्यायचे नसतात, पण ते फुकटही नसतं. त्याला नियम असतो. नियम मोडला की पुढच्या वर्षी बांधावर कुणी येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने अशा नियमांवरच उभे आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये 'जीपीएल' हा परवाना आला. त्याचं सार असं: प्रोग्रॅम वापरा, आतला कोड वाचा, बदला, वाटा. पण बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना त्याचा कोडही द्या आणि हेच हक्क त्यालाही द्या. म्हणजे घेतलेलं पुढे चालवा. स्वतःच्या शाळेपुरता बदल करून ठेवलात, तर कुणाला द्यायची सक्ती नाही. वाटायला निघालात की नियम लागू.

दुसरा प्रकार एमआयटी किंवा अपाची यांसारख्या परवान्यांचा. यांचा स्वभाव पाणपोईसारखा. या, प्या, घेऊन जा. मूळ लेखकाची हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर मात्र काढू नका. पुढे तुम्ही तो कोड बंद पेटीत घातला तरी चालतं.

तुम्ही रोज अशा परवान्यांचा लाभ घेता. मुंबईच्या एक टाइप संस्थेने बनवलेला 'मुक्त' हा देखणा देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिससारख्या सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतही आहेत, तेही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आपण प्रकल्पासाठी मुलांना बिनदिक्कत वापरू देतो, तो त्याच्या परवान्यामुळेच.

४) हे सगळं आपल्या शाळेत कुठे अडतं?

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, संकलित, इयत्तेप्रमाणे बदलणारा भारांश, श्रेणी... हे सगळं हाताने करताना नाकी नऊ येतात, म्हणून शिक्षकांनी एक्सेल शीट बनवल्या. पुढे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापसांसाठी पुनर्परीक्षा आली. नियम बदलला, म्हणजे शीटही बदलायला हवी.

आता दोन शीटची कल्पना करा. पहिलीत सूत्रे पासवर्ड घालून बंद केलेली. बनवणारे गुरुजी सेवानिवृत्त, क्रमांक बदललेला. वर कुठेही परवाना नाही. ही शीट एका क्षणात निकामी. वर्षानुवर्षे तिच्यावर अवलंबून असलेल्या शाळा मार्चअखेर पुन्हा कॅल्क्युलेटर घेऊन बसणार. दुसऱ्या शीटच्या पहिल्या पानावर लिहिलंय: 'ही शीट जीपीएल परवान्याखाली आहे.' सूत्रे उघडी. कुणीही जाणकार शिक्षक एका संध्याकाळी त्यात पाचवी-आठवीचा बदल करील आणि सगळ्यांना देईल. मूळ गुरुजींचं नावही तिथेच राहील.

फरक लक्षात आला? पहिल्या गुरुजींची मेहनत काही कमी नव्हती. पण त्यांच्या मेहनतीचं आयुष्य त्यांच्या पासवर्डएवढंच ठरलं.

५) अटी बदलतात, साईट बंद पडतात, परवाना टिकतो

वेबसाईटच्या अटी तिचा मालक बदलू शकतो. मालकच बदलूही शकतो. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. काही सेवा तर बंदच होतात. गुगल कोड ही कोड ठेवण्याची मोफत सेवा गुगलने २०१६ मध्ये बंद केली. तिथल्या ज्या प्रकल्पांना मुक्त परवाना होता, ते कुणालाही उचलून दुसरीकडे हलवता आले, कारण परवानगी कोडसोबतच होती. ती त्या जागेला चिकटलेली नव्हती.

आपल्या सर्वांना आठवेल असं भारतीय उदाहरण म्हणजे आरोग्य सेतू. कोरोनाकाळात शिक्षकांपासून सर्वांनी ते ॲप घेतलं. ते सुरुवातीपासून मोफत होतं, पण त्याच्या अटींमध्ये ॲप आतून उलगडून तपासायला मनाई होती. त्यावर टीका झाली. २६ मे २०२० रोजी सरकारने ॲन्ड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला केला, तोही अपाची परवान्यासह. ॲप आधीही मोफत होतं आणि नंतरही. फरक पडला तो परवानगीत. जाणकारांना आत डोकावून चुका दाखवता येऊ लागल्या.

६) दोन शंका

*"माझं नाव काढून कुणी फाईल विकली तर?"* ही शंका अगदी रास्त आहे. नाव पुसून आपलं नाव टाकणारे महाभाग आपल्यातही आहेत. पण विचार करा, परवाना न लिहिल्याने हे थांबलं का? काही ब्लॉगवर माउसचं उजवं बटण बंद करणारी स्क्रिप्ट लावलेली असते. ती स्क्रिप्टसुद्धा बहुधा दुसरीकडूनच कॉपी केलेली असते! कुलपाने प्रामाणिक माणूसच अडतो. परवाना लिहिला तर निदान 'श्रेय देणं बंधनकारक आहे' हे काळ्यावर पांढरं होतं आणि ते मोडणाऱ्याला जाब विचारता येतो.

विक्रीचं म्हणाल, तर मुक्त परवान्यात व्यापारी वापराला बंदी घालता येत नाही, हे आधीच समजून घ्या. पण जीपीएलखालची शीट कुणी विकली, तरी त्याला ती उघडीच द्यावी लागेल आणि घेणारा ती पुढे फुकट वाटू शकेल. मग असा धंदा किती दिवस चालेल? स्वाध्यायपत्रिका, चित्रे, लेख यांसाठी मात्र क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये 'अव्यापारी' अट घालण्याची सोय आहे. कोडसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वापरू नयेत, असा सल्ला खुद्द ती संस्थाच देते.

एक इशाराही देतो. मुक्त परवाना एकदा दिला की दिलेल्या आवृत्तीपुरता तो मागे घेता येत नाही. पुढची आवृत्ती तुम्ही वेगळ्या अटींवर देऊ शकता. म्हणून विचार करून द्या.

*"आपण नोकरदार, मग फाईल आपली की खात्याची?"* हा प्रश्न नाजूक आहे. कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, नियोक्त्याचा पहिला हक्क असतो. शिक्षकाने घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कुणी न सांगता बनवलेली शीट नोकरीचा भाग धरायची का, यावर वाद होऊ शकतो. हा वाद प्रत्येक शिक्षकाच्या डोक्यावर टांगता ठेवण्यापेक्षा शिक्षण विभागाने एका परिपत्रकात मिटवावा: 'शिक्षकांनी स्वयंस्फूर्तीने बनवलेली डिजिटल साधने त्यांच्या नावानिशी मुक्त परवान्यावर देता येतील.' यात अशक्य काही नाही. एनसीईआरटीचं राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडार २०१३ मध्ये मुक्त परवान्याचं धोरण घेऊनच सुरू झालं. दीक्षा ॲपवरच्या साहित्यावरही क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण दिसते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. आपली पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांतला भाग लेखी परवानगीशिवाय उद्धृत करता येत नाही, ही सूचनाही त्यात छापलेली असते. मोफत आणि मुक्त यांतला फरक दाखवायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

७) उद्यापासून काय कराल?

१. फाईल देताना पहिल्या शीटवर किंवा कोडच्या सुरुवातीला चार गोष्टी लिहा: नाव, वर्ष, आवृत्ती क्रमांक, परवाना. नमुना असा: 'निर्मिती: (आपले नाव), जि. प. शाळा (गाव), ता. जावळी. वर्ष २०२४, आवृत्ती २. परवाना: जीपीएल, आवृत्ती ३. वापरा, बदला, वाटा. बदललेली फाईल याच अटींवर, सूत्रे उघडी ठेवून द्या.' परवान्याचा पूर्ण मजकूर सोबत वेगळ्या फाईलमध्ये ठेवा.

२. सूत्रांना पासवर्ड घालू नका. चुकून सूत्र पुसलं जाईल अशी भीती असेल, तर पासवर्डविना 'प्रोटेक्ट' करा. धक्का लागत नाही आणि ज्याला सुधारायचं त्याला उघडता येतं.

३. फाईल घेताना आत परवाना आहे का पाहा. नसेल तर आपल्या वर्गापुरती वापरा, पण बदलून वाटण्याआधी निर्मात्याला एक मेसेज करा आणि लेखी होकार जपून ठेवा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

४. इंटरनेटवरून कोडचा तुकडा घेतलात तर तो कुठून घेतला, कुणाचा आहे हे त्या तुकड्याशेजारी टिपून ठेवा. आपण मुलांना प्रकल्पात 'संदर्भ लिहा' म्हणतो, तोच नियम आपल्यालाही.

५. मुलांना शिकवा. सहावी-सातवीच्या मुलाने स्क्रॅचवर खेळ रिमिक्स केला, की 'मूळ खेळ कुणाचा?' हा प्रश्न विचारा. दुसऱ्याच्या कामाचा मान राखून त्यात भर कशी घालायची, हा मूल्यशिक्षणाचा पाठ आहे आणि तो पुस्तकाबाहेरच नीट शिकवता येतो.

मित्रांनो, आपल्या बदल्या होतात. ब्लॉग बंद पडतात. मोबाईल क्रमांक बदलतात. एक दिवस आपण सगळेच निवृत्त होणार आहोत. त्यानंतरही आपण बनवलेली शीट एखाद्या डोंगरावरच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकेला उपयोगी पडावी, तिला त्यात हवा तो बदल करता यावा आणि तो करताना आपण काही चोरतोय असं तिला वाटू नये, एवढ्यासाठी ती एक ओळ लिहायची आहे. वेबसाईटच्या लांबलचक अटी ती ओळ आपल्यासाठी लिहिणार नाहीत. ती आपणच लिहायला हवी.

तुमच्या संगणकात स्वतः बनवलेली एखादी फाईल असेल, तर आजच ती उघडा आणि सुरुवात करा.